कानावाटे मनात : नादाचा परिणाम आणि साधकाचा विवेक

॥ रामकृष्णहरि ॥

आषाढीच्या वाटचालीत एका मुक्कामी घडलेली गोष्ट आहे. रात्रीचे जेवण आटोपून दिंडीतली मंडळी तंबूत पडली होती. एक तरुण टाळकरी मोबाईलवर एक छोटेसे चित्र पाहत होता. एक म्हातारी आई उंबऱ्यात बसून परगावी गेलेल्या लेकाची वाट पाहत आहे, एवढाच त्यातला प्रसंग. पाहता पाहता पोराचे डोळे भरून आले. शेजारी दिंडीतले एक वृद्ध भजनीबुवा पडले होते. ते म्हणाले, "बाळा, आता आवाज बंद कर आणि तेच परत बघ." पोराने तसे केले. तीच आई, तोच उंबरा, तीच वाट. क्षणभराने पोरगा म्हणाला, "आता काही होत नाही, बुवा. नुसती बाई बसलीय." बुवा हसले आणि म्हणाले, "मग मघाशी रडलास ते कुणासाठी? आईसाठी की सारंगीसाठी?"

पोराला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर ऐकणाऱ्या आम्हालाही देता आले नाही. त्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहोत. आपला संप्रदाय नादावर उभा आहे. वीणा, टाळ, मृदंग यांवाचून आपली वाट चालत नाही. म्हणून नाद मनाला काय करतो, हे वारकऱ्याने इतरांपेक्षा अधिक जाणून घेतले पाहिजे. सिनेमा, रेडिओ, दूरदर्शन आणि आता खिशातला मोबाईल यांच्यातून दिवसभर जे संगीत आपल्या कानावर पडते, ते आपल्याला हसवते, रडवते, खरेदीला लावते, प्रसंगी भांडायलाही लावते. ते कसे, हे आधी पाहू आणि मग आपल्या आचाराकडे वळू.

१. नाद आत शिरतो कसा

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. नको ते दृश्य आपण डोळे मिटून टाळतो, पण नको तो सूर कानावर पडतोच. झोपलेल्या माणसालाही हाकेने जाग येते. म्हणजे कान हे सदा उघडे दार आहे.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कोणत्या रसाला कोणते स्वर पोषक, याचा विचार आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याच शतकात, त्याच यादवांच्या राज्यात, माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. नादाचे शास्त्र आणि नामाचा धर्म हे दोन्ही या एकाच मातीत एकाच काळी बहरले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आताच्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट यंत्रे लावून मोजली. इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ माणसांना निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात आपल्याकडचा सतारीवरचा एक रागही होता. लय द्रुत झाली की ऐकणाऱ्यांचा श्वास आणि नाडी जलद होई, लय विलंबित झाली की संथ होई. संगीत आवडीचे आहे की नाही, यापेक्षा लयीचाच परिणाम मोठा दिसला. पण सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. मध्येच दोन मिनिटे संगीत थांबवले, त्या शांततेत ती माणसे संगीत सुरू होण्याच्या आधीपेक्षाही अधिक निवांत झाली. ही दोन मिनिटांची शांतता वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

दुसरा एक प्रयोग कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. आवडते गाणे ऐकताना अंगावर काटा येतो, त्या वेळी मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते, असे त्यात आढळले. चांगले जेवण मिळाले की मेंदूत जे द्रव्य काम करते, तेच हे. इतकेच नव्हे, आवडती जागा आता येणार, आता येणार, या नुसत्या वाट पाहण्यातही ते स्रवू लागते. मृदंगाची तिहाई समेवर येण्याच्या आधीच आपली मान कशी हलू लागते, हे ज्याने अनुभवले त्याला हे वेगळे सांगायला नको.

२. चित्राला सुराचा रंग

आता सिनेमाची युक्ती पाहा. १९७५ साली अमेरिकेत 'जॉज' नावाचा चित्रपट निघाला. त्यात माणसे खाणारा शार्क मासा आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो यांत्रिक मासा वारंवार बिघडे, म्हणून तो पडद्यावर फारसा दाखवता येईना. मग जॉन विल्यम्स या संगीतकाराने दोनच स्वर आलटून पालटून वाजवले. आधी हळू, मग जलद. पडद्यावर नुसते पाणी असायचे, पण ते दोन स्वर ऐकू आले की प्रेक्षक खुर्ची घट्ट धरून बसायचे. मासा नव्हताच, भीती मात्र होती. कुठून आली? कानातून आली.

पुढे २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी याची रीतसर परीक्षा घेतली. शार्क मासे पोहत असल्याचे ६० सेकंदांचे एकच चित्र. काही लोकांना ते भेसूर संगीतासह दाखवले, काहींना प्रसन्न संगीतासह, तर काहींना आवाजाशिवाय. नंतर त्या माशांविषयी मत विचारले. भेसूर संगीत ऐकलेल्यांचे मत सर्वांत वाईट झाले. मासे तेच, पाणी तेच, पण मत निराळे. नुसते संगीत ऐकवले आणि चित्र दाखवलेच नाही, तेव्हा असा फरक पडला नाही. याचा अर्थ असा की एकटा सूर मत बनवीत नाही. समोर जी वस्तू असेल तिला तो रंग देतो. आपण मात्र समजतो की तो रंग वस्तूचाच आहे.

आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. एखाद्या माणसाचे, जातीचे, गावाचे चित्र मोबाईलवर येते. मागे भेसूर सूर वाजतो आणि तो माणूस दुष्ट वाटू लागतो. मागे शंख आणि नगारा वाजतो आणि तोच माणूस अवतारी वाटू लागतो. खरे काय, हे आपण तपासलेलेच नसते.

३. बाजारातला नाद

व्यापाऱ्याला हे मर्म फार लवकर कळले. १९८२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठ्या दुकानात संथ संगीत लावून पाहिले. गिऱ्हाईक रेंगाळले, सावकाश चालले, आणि जलद संगीताच्या दिवसांपेक्षा विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली.

इंग्लंडातला १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक दाखला आहे. विषय मद्याचा आहे आणि माळकऱ्याला तो वर्ज्य. पण आपण त्यातला मद्याचा घोट घ्यायचा नाही, मनाचा मासला तेवढा घ्यायचा. एका दुकानात फ्रेंच आणि जर्मन मद्य शेजारी शेजारी मांडले. एक दिवस फ्रेंच संगीत, दुसऱ्या दिवशी जर्मन, असे दोन आठवडे चालवले. फ्रेंच संगीताच्या दिवसांत फ्रेंच ४० बाटल्या आणि जर्मन ८ खपल्या. जर्मन संगीताच्या दिवसांत जर्मन २२ आणि फ्रेंच १२. बाहेर पडणाऱ्यांना विचारले, "बाबा रे, संगीतामुळे घेतलीस का?" बहुतेकांनी सांगितले, "छे, माझ्या मर्जीने घेतली." बघा, मन दुसऱ्याच्या तालावर नाचते आणि वर म्हणते, मी स्वतंत्र आहे!

इथे एक सावधगिरीही सांगतो. शास्त्रज्ञांचा एकेक प्रयोग म्हणजे वेदवाक्य नव्हे. १९८२ सालीच कॅनडात एक प्रयोग झाला. आवडत्या संगीताबरोबर दाखवलेल्या रंगाचे पेन विद्यार्थ्यांनी अधिक उचलले. नावडते संगीत लावले तेव्हा त्याच रंगाचे पेन टाळले. गंमत अशी की तिथे नावडते म्हणून वापरलेले संगीत आपले हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत होते! पण १९८९ साली दुसऱ्यांनी तसेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. १९९३ साली मोझार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते अशी हाकाटी झाली. मूळ प्रयोग ३६ विद्यार्थ्यांवरचा, आणि परिणाम टिकला होता पंधरा मिनिटांच्या आत. पुढच्या तपासणीत तोही अगदी किरकोळ निघाला. तेव्हा अमुक राग ऐका नि अमुक रोग घालवा, असे कुणी सांगू लागला तर लगेच भुलू नये. सूर भाव हलवतो, हे पक्के. सूर माणसाचे सर्वस्व बदलतो, हे मात्र खरे नाही.

४. आपल्या घरचे दाखले

परदेशाचे पुरे झाले. आपल्याकडे काय झाले ते पाहू.

१९३६ साली प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' चित्रपट काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीसांच्या गायनात असा जिव्हाळा होता की लोक त्यांनाच तुकोबा मानून पाया पडू लागले. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद रचले. त्याची भाषा आणि चाल इतकी जुळून आली की कित्येकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून भजनात घेतले. रचना सात्त्विक आहे, तिला नाव ठेवायचे नाही. पण गाथा न उघडता नुसत्या चालीवरून अभंग ठरवला गेला, हे नाकारता येत नाही. चित्रपटाचा सूर ग्रंथाच्या जागी बसू शकतो, तो असा.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर आठवड्याला एक गीत. त्या वेळेला लोक रेडिओभोवती पोथी ऐकायला बसावे तसे बसत. पुढे १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा हिंदी चित्रपट आला. लोक चित्रपटगृहात चपला काढून बसले, आरतीच्या वेळी पडद्यावर फुले आणि पैसे उधळले. त्यानंतर गावोगावच्या घरांत शुक्रवारचे व्रत सुरू झाले. चित्रपटाने आचार बदलतो, याला याहून मोठा पुरावा कोणता?

५. जोडणारा ताल, तोडणारा ताल

ताल माणसांना जोडतो, हे वारकऱ्याला कुणी शिकवायला नको. तरी ऐका. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना पावलाशी पाऊल जुळवून चालवले, काहींना सुटे सुटे. नंतर एका खेळात, पाऊल जुळवणाऱ्यांनी एकमेकांना अधिक साहाय्य केले. जर्मनीत २०१० साली चार वर्षांच्या मुलांना एकत्र गायला वाजवायला लावले, तर ती नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावली. आपली पावली म्हणजे दुसरे काय आहे? दहा गावची, दहा धंद्यांची माणसे एका टाळावर पाऊल टाकतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांची माउली होतात.

पण सज्जनहो, हाच ताल उलटाही वापरता येतो. आफ्रिकेतील रवांडा देशात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत जवळजवळ ८ लाख माणसे मारली गेली, बहुतांश तुत्सी जमातीची. मारणारे पुष्कळसे त्यांचेच शेजारी होते. तिथल्या एका रेडिओ केंद्राने लोकप्रिय गाणी लावायची, गाण्यांमध्ये गप्पा आणि विनोद घालायचे, आणि त्यातूनच द्वेष पेरायचा, असा धडाका चालवला होता. सिमॉन बिकिंदी या नामांकित गायकाची गाणी त्यात वाजत. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. ती गाण्यांसाठी नव्हे, गाडीवर ध्वनिक्षेपक लावून लोकांना हत्येची चिथावणी दिली यासाठी. परंतु त्याची गाणी त्या द्वेषाच्या प्रचारात वापरली गेली, हे न्यायाधिकरणाने नोंदवून ठेवले आहे. गाणे गोड होते, गायक गुणी होता, आणि ऐकणारे आपल्यासारखेच साधे लोक होते. हे वाचून अंगावर काटा येतो, पण हा काटा सुखाचा नव्हे.

६. शंका आणि समाधान

शंका पहिली : नादात एवढा धोका, तर मग असले संगीत बंद का करू नये?

समाधान : बंदीने मन आवरत नाही. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ साली आकाशवाणीलाच विविधभारती काढावी लागली. आज तर काटाही फिरवावा लागत नाही, बोट लावले की पुरे. म्हणून बंदी नव्हे, विवेक. वाईट रोखायचे तर चांगले अधिक गोड करून दिले पाहिजे.

शंका दुसरी : सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटला तर काय बिघडते? पोरे तरी जमतात.

समाधान : पोरे जमतात हे खरे, ते आम्हीही पाहिले आहे. पण चाल एकटी येत नाही. पूर्वी ती जिथे ऐकली, तिथले चित्र ती बरोबर घेऊन येते. तोंडाने विठ्ठल म्हणायचे आणि मनात नटनटी नाचायच्या, असे होते. नवी चाल लावायला हरकत नाही. सगळ्या जुन्या चाली एकेकाळी नव्याच होत्या. पण चाल अशी असावी की ती अभंगाच्या अर्थाची आठवण देईल, दुसऱ्या कशाची नाही. आणि शब्द बुडवणारी चाल कितीही गोड असो, ती सोडावी.

शंका तिसरी : मग कीर्तनात डोळ्यांत पाणी येते ते खोटेच म्हणायचे काय?

समाधान : ही शंका आम्हाला सर्वांत जड गेली. पाणी खोटे नाही. पण पाणी आले म्हणजे प्रेम आले, असेही नाही. सूर दार उघडतो. उघड्या दारातून आत कोण येते, हे शब्दावर, संगतीवर आणि आपल्या आचरणावर ठरते. त्या तंबूतल्या पोराने चित्रातल्या आईसाठी रडून झाल्यावर घरच्या आईला फोन केला असता, तर ते पाणी सार्थकी लागले असते. पुढचे चित्र सरकवले असते, तर ते वाया गेले. आमच्या बुवांनी त्याला शेवटी एवढेच सांगितले, "बाळा, रडलास ते बरे झाले. आता आईची खुशाली विचार." आणि पोरगा फोन घेऊन तंबूबाहेर गेला.

७. आचरणासाठी थोडेसे

पहिले : मनाला फार हलवणारे चित्र आले की ते एकदा आवाज बंद करून पाहावे. जे उरेल ते चित्राचे, जे गळून पडेल ते सुराचे. विशेषतः कुणाविषयी राग आणणारे चित्र असेल, तर ही परीक्षा केल्यावाचून ते पुढे पाठवू नये.

दुसरे : आवाजाला मर्यादा असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास, तर ९० डेसिबलचा अवघा ४ तास ऐकणे कानाला सोसते. आपल्या देशाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक उघड्यावर लावू नये, असाही नियम आहे. सप्ताहात मांडवाच्या चारी बाजूंनी कर्णे लावून आजारी शेजाऱ्याची झोप मोडली, तर ते नाम कुणाला पावणार? ज्याच्यासाठी नाम घेतो तो तर त्या शेजाऱ्याच्याही अंतरी आहे.

तिसरे : ऐकण्यापेक्षा गाण्याला जास्त वेळ द्यावा. यंत्रातले संगीत आपल्याला हलवते, स्वतःचे भजन आपल्याला जोडते. घरी रोज हरिपाठ होत असेल, तर टाळ मुलांच्या हाती द्यावा. ताल चुकला तरी चालेल.

चौथे : भजनानंतर थोडे गप्प बसावे. हे आम्ही नव्याने सांगत नाही. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी काय होते, ते आठवा. हजारो टाळमृदंग एकदम घुमत असतात. आकाश दणाणून गेलेले असते. तेवढ्यात चोपदार दंड उंचावतात, आणि क्षणात सगळे शांत होते. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. ते मिटले की तेही टाळ थांबतात. इटलीतल्या शास्त्रज्ञांना दोन मिनिटांच्या शांततेत जे सापडले, ते आपल्या वाटेवर वर्षानुवर्षे चालत आले आहे. नाद पराकोटीला न्यायचा, मग थांबवायचा, आणि त्या शांततेत दुखावलेल्याचे ऐकायचे.

तात्पर्य, नाद हा घोडा आहे. मांड असेल तर तो पंढरीला नेतो, नसेल तर नेईल तिकडे जावे लागते. मांड म्हणजे विवेक. सूर थांबल्यावर आपल्यात काय उरले, शेजाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकू आले की नाही, एवढे ज्याने रोज स्वतःला विचारले, त्याला सारंगीही फसवणार नाही आणि कर्णाही नाही. माउलींनी आम्हा सर्वांना तो विवेक द्यावा, हीच चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरि ॥